तंबाखू खाणाऱ्यांचा एफएमआरआय: स्टॉप-सिग्नल की गो/नो-गो, आणि २०-२० माणसं पुरतील का?

हरिपूर_संगम:
सांगली-मिरज भागातले तंबाखू मळून खाणारे पुरुष आणि मशेरी लावणाऱ्या बायका यांच्यावर प्रबंधासाठी अभ्यास आखते आहे. विषय आहे आत्मनियंत्रणाचा, आणि पद्धत एफएमआरआयची, म्हणजे काम करताना मेंदूचा कुठला भाग चालतो ते टिपणाऱ्या स्कॅनची. ऐन वेळी हात आवरता घेताना मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तो व्यसनी माणसात कमी चालतो का? एका रुग्णालयातलं १.५ टेस्ला (चुंबकाची ताकद) चं एमआरआय रविवारी रिकामं मिळू शकतं. मनात २० खाणारे आणि २० न खाणारे असा हिशोब आहे.

विचारायचं ते असं. हात आवरण्याच्या दोन बटण-चाचण्यांपैकी गो/नो-गो घ्यावं की स्टॉप-सिग्नल? रुग्णालयातल्या मशीनवर हे जमतं का? कोण किती तंबाखू खातो हे पडताळायला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं फुंकायचं यंत्र चालेल का? आणि २०-२० पुरतील का?

अजिंक्यतारा:
स्टॉप-सिग्नल घ्या. गो/नो-गो मध्ये 'दाबू नका' ही खूण पहिल्यापासून ठरलेली असते, त्यामुळे माणूस बहुतेक वेळा हात उचलतच नाही. स्टॉप-सिग्नलमध्ये हात निघालेला असतो आणि तो मागे घ्यावा लागतो. शिवाय लोगन आणि कोवन यांच्या १९८४ च्या शर्यतीच्या प्रारूपामुळे ('दाबा' आणि 'थांबा' या दोन प्रक्रियांची शर्यत) थांबायला लागणारा वेळ मिलिसेकंदांत काढता येतो. निरोगी तरुणांत तो साधारण २०० ते २५० मिलिसेकंद येतो.

मांडणी अशी ठेवा. पडद्यावर डावा किंवा उजवा बाण, त्याप्रमाणे बटण. २५ टक्के वेळा बाणाचा रंग बदलतो, तेव्हा थांबायचं. स्कॅनरच्या खडखडाटात बीप नीट ऐकू येईलच असं नाही, म्हणून खूण डोळ्यांनी दिसणारी बरी. अक्षरं वापरू नका, वाचता न येणारी माणसंही येतील. बाण आणि खूण यांतलं अंतर माणूस थांबला की ५० मिलिसेकंदांनी वाढवायचं आणि चुकला की तेवढंच कमी करायचं. असं केलं की प्रत्येकजण निम्म्या वेळा थांबतो, निम्म्या वेळा चुकतो.

एका फेरीत १२८ बाण, त्यांतले ३२ थांबण्याचे. दोन बाणांमधलं अंतर कमीजास्त, सरासरी साडेतीन सेकंद. म्हणजे ४४८ सेकंद, २ सेकंदांच्या टीआरने (दर चित्रामागचा वेळ) २२४ चित्रं, आणि सुरुवातीची टाकून द्यायची चार वेगळी. अशा दोन फेऱ्या. वेळ मोजायला किमान ५० थांबण्याच्या खेपा लागतात, इथे ६४ मिळतील.

मशीनबद्दल नीट ऐका, कारण घोटाळा बहुतेक इथेच होतो. रुग्णालयातलं मशीन रोगनिदानासाठी बसवलेलं असतं. पहिली चौकशी करा ती बोल्डसाठीची (रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलातून येणारा मेंदूचा इशारा) ईपीआय सीक्वेन्स, म्हणजे झटपट चित्रं घेण्याची पद्धत, चालू आहे का, की तिचं लायसन्सच घेतलेलं नाही. दुसरी, प्रत्येक चित्रामागे ट्रिगरची नाडी बाहेर मिळते का. ती नसेल तर बाणाची वेळ आणि चित्राची वेळ जुळत नाही. बटणं ऑप्टिकल फायबरची लागतात. साध्या यूएसबीच्या तारेने चित्रात गोंगाट येतो आणि तार तापून चटका बसू शकतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कच्चे डायकॉम (मशीनच्या मूळ चित्रफाइली) मागा. काही ठिकाणी कन्सोल स्वतःच रंगीत नकाशे तयार करतो आणि तेवढेच साठवले जातात. त्यांचं पुढे काहीच करता येत नाही. पहिल्या माणसाला आत नेण्याआधी फॅन्टम (माणसाऐवजी ठेवायची चाचणीची वस्तू) ठेवून दहा मिनिटं ईपीआय घ्या, फाइल घरी आणून उघडून बघा.

१.५ टेस्लावर टीई (इशारा टिपण्याआधीचा वेळ) ५० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवतात (३ टेस्लावर ३०). इशारा क्षीणच असतो. डोळ्यांच्या खोबणीवरचा मेंदूचा भाग तर नाकाजवळच्या हवेमुळे चित्रातून जवळजवळ गायब होतो. व्यसनाच्या संशोधनात तोच भाग वारंवार येतो, म्हणून त्याबद्दलचा कुठलाही दावा या मशीनवरून करू नका.

येरळाकाठ:
फुंकायचं यंत्र घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइड जळण्यातून येतो. मळलेली तंबाखू जळत नाही, तेव्हा दिवसाला पंधरा वेळा बार भरणाऱ्याचं फुंकणंही स्वच्छ दिसेल. तुम्हाला लाळेतलं किंवा लघवीतलं कोटिनिन (शरीरात निकोटिनपासून तयार होणारं द्रव्य) मोजावं लागेल. निकोटिनचं अर्धायुष्य दोनेक तासांचं, कोटिनिनचं सोळा तासांच्या घरात, म्हणून कालचं खाणंही त्यात दिसतं. एक अपवाद आधीच लिहून ठेवा. निपाणी पट्ट्यात हिरव्या पानांत काम करणाऱ्यांच्या कातडीतून निकोटिन शरीरात जातं. ती बाई तंबाखू खात नसली तरी चाचणीत सापडेल.

प्रश्न विचारण्याची भाषा बदला. 'तंबाखू खाता का?' असं विचारलं तर मशेरी लावणाऱ्या कितीतरी जणी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतील. मशेरी त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू. म्हणून 'दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा, ती तोंडात किती वेळ राहते?' असं विचारा. नाहीतर तुमच्या 'न खाणाऱ्या' गटात निम्म्या मशेरीवाल्या शिरतील आणि दोन गटांत फरकच उरणार नाही. मावा खाणाऱ्यांना वेगळं काढा. त्यात सुपारी असते आणि सुपारीतलं अरेकोलिनही मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिनच्याच ग्राहकांवर (रिसेप्टर) काम करतं. परिणाम तंबाखूचा की सुपारीचा हे मग सांगता येत नाही. व्यसनाची तीव्रता मोजायला बिनधुराच्या तंबाखूसाठीची फॅगरस्ट्रॉम प्रश्नावली आहे, सिगारेटची लावू नका. दारूचीही नोंद हवीच, त्यासाठी ऑडिट ही प्रश्नावली.

शेवटचा बार कधी भरला ते घड्याळ लावून लिहा. निकोटिन रक्तवाहिन्यांवर काम करतं आणि बोल्डचा इशारा रक्तप्रवाहातूनच येतो. एकजण गेटवर थुंकून आत आला आणि दुसरा सकाळपासून उपाशी (तंबाखूविना), तर तुम्ही व्यसन मोजत नाही, शेवटच्या बारापासूनचे तास मोजता. चुन्यामुळे निकोटिन गालातून झपाट्याने शोषलं जातं, आणि गिळलेल्या रसामुळे पुढेही ते रक्तात टिकून राहतं. चहाचंही तेच. कॅफिनने मेंदूचा रक्तप्रवाह घटतो. पण रोज सहा कप घेणाऱ्याचा चहा सकाळपासून तोडलात तर तो डोकं धरून बसेल. नेहमीचा चहा घेऊ द्या, वेळ लिहा, आणि शेवटचा कप सगळ्यांचा स्कॅनच्या तीन तास आधी ठेवा.

आता सुरक्षितता. कुपवाड एमआयडीसी, किर्लोस्करवाडी, पलूस इकडचे लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगवाले येतील. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे प्रत्येकाला स्वतंत्र विचारा. फॉर्मवर टिकमार्क करून भागत नाही. शंका असेल तर आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे. बायकांचं मंगळसूत्र, जोडवी, चमकी, पुरुषांचा करदोटा आणि दंडातला ताईत. ताईत कपड्याखाली असतो, सांगायचं राहून जातं. जोडवी निघत नाहीत म्हणून कुणी रडकुंडीला येतं, तेव्हा ही गोष्ट फोनवरच आदल्या दिवशी सांगा. तोंडात काही ठेवून आत जाऊ देऊ नका. रस गिळताना दर वेळी डोकं हलतं.

कोयना_बॅकवॉटर:
वरच्या दोघांचं सगळं पटतं, पण २०-२० वर हा अभ्यास उभा राहू नये असं मला मनापासून वाटतं.

दोन गटांत २० जण असतील तर ८० टक्के खात्रीने पकडता येणारा फरक म्हणजे कोहेनचा डी (दोन गटांतल्या फरकाचं माप) ०.९ च्या वर. मध्यम, म्हणजे ०.५ चा फरक पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ लागतात. लहान नमुन्यात जो फरक चुकून 'सापडतो' तो फुगलेलाच सापडतो. त्यात कुणी डोकं हलवलं म्हणून गळणार, कुणाला झोप लागणार. गळीत हंगामात पहाटेपासून फडात राबलेला माणूस अंधाऱ्या नळीत पाच मिनिटांत घोरायला लागतो.

दुसरं म्हणजे अर्थ लावणं. समजा उजव्या इन्फिरियर फ्रंटल जायरसमध्ये (थांबण्याशी जोडला जाणारा मेंदूचा भाग) खाणाऱ्यांचा इशारा कमी दिसला. याचा अर्थ आवर घालणं दुबळं, की त्यांनी थांबण्याच्या खुणेकडे लक्षच कमी दिलं? दुर्मीळ खूण दिसली की तो भाग तसाही पेटतो. आणि फरक असलाच तर तो तंबाखूमुळे आला की आधीपासूनच होता? कॅरन एर्शे यांच्या २०१२ च्या अभ्यासात उत्तेजक द्रव्यांचं व्यसन असलेले लोक आणि व्यसन नसलेली त्यांची सख्खी भावंडं, दोघांचंही थांबणं सारखंच मंद होतं. म्हणजे काही भाग घराण्यातून येतो. हा प्रश्न एका वेळच्या स्कॅनने सुटत नाही. लहानपणापासून पाठपुरावा लागतो, म्हणून तर अमेरिकेत एबीसीडी या दीर्घ पाठपुराव्याच्या अभ्यासात ९-१० वर्षांची अकरा हजारांहून जास्त मुलं घेतली, आणि आपल्याकडे सी-वेदा या तशाच अभ्यासात ६ ते २३ वयोगट.

आणि व्यसन म्हणजे फक्त ब्रेक निकामी होणं नव्हे. २००७ मध्ये नक्वी, बेकारा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की इन्सुला या मेंदूतल्या भागाला इजा झालेल्या काही धूम्रपान करणाऱ्यांची तलफच नाहीशी झाली, सिगारेट सोडायला त्यांना झगडावं लागलं नाही. तिथे ब्रेक सुधारला नव्हता, गाडीचा जोर गेला होता. स्टॉप-सिग्नल हा जोर मोजतच नाही.

माझा सल्ला असा. वर्तनाचा भाग मोठा करा. लॅपटॉपवर ७० खाणारे आणि ७० न खाणारे, वय आणि शिक्षण जुळवलेले. मेंदूच्या भागासाठी उघडी माहिती वापरा. ओपनन्यूरोवर (मेंदूच्या स्कॅनची खुली साठवण) डीएस०००३० हा संच आहे, यूसीएलएचा. त्यात १३० निरोगी माणसांसह एकूण २७२ जण आहेत आणि स्टॉप-सिग्नलही आहे. तो एफएमआरआयप्रेप या स्कॅन तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढा आणि विश्लेषण शिका. क्लस्टरची (नकाशात एकत्र पेटलेल्या ठिपक्यांचा पुंजका) सुरुवातीची पी-मर्यादा ०.००१ ठेवा. ०.०१ ठेवली तर काही परिस्थितीत खोट्या सकारात्मक निकालांचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जातं, हे एकलुंड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं आहे. १४० माणसांची नीट मोजलेली माहिती या भागातून आली तर तिचं मोल ४० पुसट चित्रांपेक्षा कितीतरी जास्त.

हरिपूर_संगम:
पटलं, लॅपटॉपचाच मार्ग घेते. दोन शंका. चाचणी बार भरल्यावर घ्यावी की तंबाखूविना उपाशी? आणि चार जणांवर करून पाहिलं तर दोघेजण खूण येते का म्हणून बाणापाशी थांबूनच राहतात. अशांचं काय करायचं?

येरळाकाठ:
दोन्ही घ्या, त्याच माणसावर, वेगवेगळ्या दिवशी. एकदा बार भरून एका तासाने, एकदा बारा तास तंबाखू न खाता. बारा तास म्हणजे सहा अर्धायुष्यं, निकोटिन चौसष्टाव्या हिश्श्यावर येतं. निम्म्यांना आधी उपाशी, निम्म्यांना आधी खाऊन, म्हणजे सरावाचा फायदा एकाच बाजूला जात नाही. सकाळी सातची वेळ ठरवलीत तर रात्रीची झोपच उपासाचे तास भरून काढते. नैतिक समितीच्या अर्जात उपासाचा त्रास स्पष्ट लिहा, आणि सोडायची इच्छा व्यक्त करणाऱ्याला द्यायला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक छापील ठेवा.

अजिंक्यतारा:
थांबून राहणं ही या चाचणीची जुनी खोड आहे. सूचनेत सरळ सांगा, 'तुम्हाला दर वेळी थांबता येणार नाही, चाचणी तशीच बनवली आहे. बाण दिसला की लगेच दाबा.' सरावाच्या फेरीत खूण अजिबात न देता वेग नोंदवा आणि दर ब्लॉकनंतर 'वेग कमी होतोय' असं दाखवा. बटणासाठीची मुदत दीड सेकंदापुढे नेऊ नका.

हिशोब करताना दाबण्याच्या सरासरी वेळेतून खुणेचं सरासरी अंतर वजा करू नका, थांबून राहणाऱ्यांत ती पद्धत फसवते. गोच्या, म्हणजे खूण न येणाऱ्या खेपांच्या, सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावा. जिथे बटण दाबलंच नाही तिथे त्या माणसाचा सर्वात जास्त वेळ भरा. समजा ६४ पैकी ३० वेळा त्याला थांबता आलं नाही, म्हणजे ०.४७. गोच्या खेपा १९२, त्यांचे ०.४७ म्हणजे ९०. रांगेतली ९० वी वेळ घ्या, समजा ५२० मिलिसेकंद. बाण आणि खूण यांतलं सरासरी अंतर २८० असेल तर थांबण्याचा वेळ २४०. चुकण्याचं प्रमाण ०.२५ च्या खाली किंवा ०.७५ च्या वर गेलं, किंवा चुकलेल्या खेपांतला वेग गोपेक्षा मंद निघाला, तर त्या माणसाचा आकडा काढू नका. किती जण असे गाळले आणि का, ते दोन्ही गटांसाठी वेगवेगळं छापा. खाणाऱ्यांतून जास्त गळाले तर मार्गदर्शकांना तेही दाखवा.