मदत हवी आहे : २० फुटी कंटेनरमधून सोया डीओसी खाली होत नाही, मागच्या पडद्याचं डिझाइन कसं बदलू?

नमस्कार मंडळी,

धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, टिपरच्या बॉड्या, जिनिंगची दुरुस्ती यावर आमचं चालतं. कंटेनरचं काम पहिल्यांदाच घेतलं आणि आता पुढचा कट कुठे मारायचा हेच कळेना.

शिरपूरकडच्या एका व्यापाऱ्याने तीन जुने २० फुटी कंटेनर आणून दिलेत. त्यांचा मका आणि सोया डीओसी (तेल काढल्यावर उरलेली सोयाबीनची पेंड) नाशिककडच्या पोल्ट्री फीडवाल्यांकडे जातो, आजवर पोत्यांतूनच. बारदान, शिलाई, दोन्हीकडची हमाली, शिवाय मागच्या पावसाळ्यात ताडपत्री फाटून एक अख्खी गाडी भिजली. म्हणून त्यांना माल सुटा वरून भरायचाय आणि जॅक लावून मागून ओतायचाय. टिपरचं काम हातचं असल्याने मी हो म्हटलं.

पहिल्या कंटेनरला मी काय केलं ते सांगतो. छतात ५०० मिमी व्यासाची तीन झाकणं बसवली. मागची दारं कापली नाहीत. त्यांच्या आत, चौकटीला टेकवून ५ मिमी एमएस पत्र्याचा पूर्ण उंचीचा पडदा उभा केला. त्याला बाहेरून ४० बाय ४० च्या बॉक्स पाइपचे चार आडवे मारले आणि तळाशी मधोमध ४०० बाय ४०० ची सरकती झडप दिली. दारं उघडायची, जॅक वर घ्यायचा, झडप ओढायची. ट्रेलरचा जॅक ३५ अंशांपर्यंत जातो. आत जमिनीला कंपनीचंच प्लायवूड आहे.

मक्याची चाचणी बरी झाली. काट्यावर माल २१ टन भरला. मका पाण्यासारखा वाहिला, फक्त झडपेच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत सव्वाशे किलोच्या आसपास उरला. तो फावड्याने काढला. पडदा मात्र मधोमध दोन बोटं फुगला.

दुसऱ्या खेपेला डीओसी भरली, १७ टन. झडप ओढली, दोनेक मिनिटं माल धो धो आला आणि थांबला. खालून बॅटरी मारून पाहिलं तर झडपेपासून वरपर्यंत विहिरीसारखं गोल भोक, बाजूचा सगळा माल भिंतीसारखा उभा. पडद्यावर घण मारले, फरक नाही. शेवटी जॅक खाली घेतला आणि आमचा हेल्पर सळई घेऊन वरच्या झाकणातून आत उतरला. मी झाकणावर पालथा पडून बघत होतो. दोन-तीन वेळा सळई मारली असेल, तो ओरडला, "भाऊ, खाले पोकळ शे!" आणि त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. मी त्याचा दंड धरला, त्याने झाकणाची कड धरली, कसाबसा वर ओढला. त्याची चप्पल आतच राहिली. संध्याकाळी फीडवाल्यांच्या पिटच्या (माल ओतायच्या खड्ड्याच्या) जाळीवर ती सापडली.

वीस वर्षांचा मुलगा आहे. त्या दिवसापासून मला झोप नाही. उरलेले दोन कंटेनर तसेच उभे आहेत आणि व्यापारी रोज फोन करतात. मी त्यांना सांगितलंय की ज्यात माणूस उतरवावा लागेल असा कंटेनर मी देणार नाही.

झडप मोठी करू का? व्हायब्रेटर बसवू का? जॅक बदलून ४५ अंशांचा घेऊ का? आणि पडद्याला किती जाडीचं आडवं लागेल? ज्यांनी सायलो (धान्य साठवायची उंच टाकी), फीड मिल किंवा बल्क कंटेनरचं काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद : पिठाची_गिरणी_ते_सायलो

भाऊ, आधी एकच सांगतो. आत माणूस पुन्हा उतरवू नका, जॅक खाली असला तरी. वर कवच आणि खाली पोकळी, हाच प्रकार सायलोत माणसं गिळतो. सुटा माल कमरेपर्यंत चढला की माणसाला स्वतःहून निघता येत नाही, वरून ओढणाऱ्यांनाही जड जातं. दुसरं म्हणजे मक्यात कीड लागू नये म्हणून व्यापारी सल्फासच्या गोळ्या टाकतात. बंद कंटेनरमध्ये त्यांचा फॉस्फीन वायू साचतो. तुमच्या मक्यात गोळ्या होत्या का, विचारून घ्या.

आता मालाचं बोलू. तुमच्या दोन खेपांची दुखणी वेगवेगळी आहेत.

मका अडकत नाही, तो उरतो. कंटेनर उचलला की जमीन आणि पडदा मिळून इंग्रजी व्ही अक्षरासारखी पन्हाळ होते. तिचा तळ मात्र आडवा असतो, त्याला बाजूंकडे उतारच नाही. आतली रुंदी २.३५ मीटर, त्यातून ४० सेंटिमीटर झडप वजा केली तर दोन्हीकडे ९७-९७ सेंटिमीटर उरतात. मका २५ ते २७ अंशांच्या उतारावर थांबतो. म्हणजे कोपऱ्यात जवळजवळ अर्धा मीटर उंचीचा ढीग राहणारच. तुम्ही सव्वाशे किलो म्हणता, तो हिशेब बरोबर जुळतो. जॅक आणखी उंच नेऊन हा ढीग फारसा हलणार नाही, कारण तो आडव्या दिशेने अडलाय.

डीओसीचं वेगळं आहे. ती दाबली की एकमेकीला धरते. मक्यासारख्या सुट्या दाण्याला भोक दाण्याच्या सहा ते आठ पट असलं तरी पुरतं, म्हणजे १० सेंटिमीटरही चाललं असतं. पिठासारख्या, किंचित ओलसर मालाला दाण्याचा हिशेब लागूच पडत नाही. तिथे माल किती घट्ट बसलाय त्यावर भोक ठरतं. एका बाजूचं छोटं भोक दिलं की त्याच्या वरचाच खांब निघून येतो आणि बाकीचा माल जागचा हलत नाही. अमेरिकेत युटाला अँड्र्यू जेनिके यांनी १९६० च्या दशकात यावर पायाभूत काम केलं. सगळा माल एकदम हलायला हवा असेल तर भिंत पुरेशी उभी आणि गुळगुळीत हवी, आणि तोंड पूर्ण रुंदीचं हवं, असा त्याचा मथितार्थ.

एक विचारायचं राहिलं. डीओसी भरली तेव्हा गरम होती का? आणि भरल्यावर गाडी किती वेळ उभी होती?

धागाकर्ता

दादा, तुम्ही नेमकं विचारलंत. प्लांटमधून संध्याकाळी भरली तेव्हा हाताला चांगली कोमट लागत होती. गाडी रात्रभर धुळ्यातच उभी होती, पहाटे निघाली. झाकणं घट्ट बंद होती. आणि हो, उघडली तेव्हा छताच्या आतून पाण्याचे थेंब होते, वरचा थर ढेकळं झालेला. मी तो पावसाचा समजून छताची वेल्डिंग पुन्हा तपासली, गळती कुठेच नाही.

प्रतिसाद : पिठाची_गिरणी_ते_सायलो

मग निम्मं उत्तर तिथेच आहे. गरम मालातली वाफ वर गेली, रात्री छताचा पत्रा गार झाला, त्यावर घाम धरला आणि तोच खाली टपकला. आपल्याकडे दिवसा पत्रा भाजतो आणि रात्री गार पडतो, त्यामुळे खान्देशात हे जास्तच होतं. त्यात शिरपूर ते नाशिक रस्त्याचे धक्के, माल आणखी खाली बसतो. प्लांटवाल्यांना सांगा, माल गार झाल्यावरच भरा. आणि गाडी भरून रात्रभर ठेवू नका.

व्हायब्रेटर लावायचा असेल तर एक पथ्य पाळा. झडप उघडी असतानाच चालवा. झडप बंद ठेवून चालवला तर माल सुटायच्या ऐवजी आणखी ठासला जातो. हे कितीतरी ठिकाणी उलटं होताना मी पाहिलंय. तुमची झडप उघडी होती, पण माल अडकलेलाच होता, त्यामुळे घणानेही तेच केलं असणार, पडदा ठोकून आतला माल घट्ट केला.

प्रतिसाद : निवृत्त_मास्तर

पडद्याच्या मजबुतीबद्दल लिहितो. मी पॉलिटेक्निकला शिकवत होतो.

२१ टन मका, ३५ अंश. मालाच्या वजनाचा मागे ढकलणारा भाग १२ टन. त्यातून जमिनीचं घर्षण वजा करा. घर्षणांक ०.३ धरला तर ५ टनांच्या थोडं वर जातात. पडद्यावर उरतात सुमारे ७ टन. हेच ४५ अंशांवर केलं तर साडेदहा टन होतात, कारण ढकलणारा भाग वाढतो आणि घर्षण घटतं. तुलनेसाठी सांगतो. नवा २० फुटी कंटेनर आयएसओच्या नियमाप्रमाणे दाराच्या बाजूला भरायच्या वजनाच्या ०.४ पट जोर सोसेल असा तपासलेला असतो, म्हणजे २८ टनांवर साधारण ११ टन. तुमचा कंटेनर जुना आहे. त्यामुळे ४५ अंशांचा जॅक घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत.

हे ७ टन पडद्यावर सारखे पसरत नाहीत, खाली जास्त येतात. खालच्या एका आडव्यावर दोन-सव्वादोन टन येतील असं धरा. २.३५ मीटरच्या गाळ्यात ४० चा बॉक्स त्यापुढे काडीसारखा आहे, तो वाकणारच. खालचे दोन आडवे १२५ मिमीच्या लोखंडी चॅनलचे घ्या, वरचे दोन ७५ चे चालतील. चारही समान अंतरावर नकोत, खाली जवळजवळ घ्या. अडकलेला माल अचानक सुटून आदळतो, तो धक्का वेगळाच. म्हणून हात आखडू नका.

आणि कंटेनर उचलायची जागा बघा. ३५ अंशांवरही पुढचा वरचा कोपरा जमिनीपासून सात मीटरवर जातो. मिलच्या आवारात विजेच्या तारा असतातच. जमीन एका बाजूला खचलेली असेल तर गाडी आडवी होते.

प्रतिसाद : बंदरावरून

मी न्हावाशेवाकडे कंटेनरच्या कामात आहे. छताला भोकं पाडलीत म्हणजे या कंटेनरची सीएससी पाटी (कंटेनर सुरक्षित असल्याच्या मंजुरीची पाटी) आता गेली असं समजा. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ती पाटी असते, आणि मुख्य ढाच्यात परवानगीशिवाय काम केलं की ती मान्य राहत नाही. रस्त्यावर चालेल, जहाजावर चढणार नाही. व्यापाऱ्यांना हे आधीच लेखी कळवा, उद्या निर्यातीचा विचार आला तर भांडण नको.

उरलेले दोन कापू नका, त्यांना लायनर वापरता येईल. आत मोठी पॉलिथिनची किंवा विणलेली पिशवी टांगतात. दाराजवळच्या खांबांना आतून उभी खाच असते, तिच्यात आडव्या सळया अडकवून पिशवी धरतात. एक दार बंदच ठेवतात, ते आधार देतं. मालाला प्लायवूड लागत नाही, जुन्या मालाचा वास लागत नाही. खर्च दर खेपेला येतो, म्हणून रोजच्या कामाला परवडेल का ते व्यापाऱ्यांनीच बघावं. रस्त्यावरच्या रोजच्या फेऱ्यांना माझ्या मते तुमचा पडदाच बरा.

प्रतिसाद : फाळकेवाला_चाळीसगाव

भाऊ, तुम्ही टिपर बनवता ना? मग झडप कशाला? पडद्याचा खालचा दीड फूट पूर्ण रुंदीचा फाळका करा, वरून बिजागरी, खाली दोन्ही टोकांना कडी आणि मधे एक. कोपराच राहणार नाही. फक्त कडी सोडणारा माणूस मागे उभा नको, बाजूने दांड्याने सुटली पाहिजे. ओतताना वरचं एक झाकण उघडं ठेवा, आत हवा गेली पाहिजे.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचा हिशेब वर्कशॉपच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय.

दहा दिवसांत एवढं केलं. पडदा काढून नवा केला, खाली १२५ चे दोन चॅनल, वर ७५ चे. तळाशी ४५० मिमी उंचीचा पूर्ण रुंदीचा फाळका, कड्या डाव्या बाजूच्या एकाच दांड्याने सुटतात. दांडा गाडीपासून पाच फूट लांब आहे. फाळक्यातच मधे २५० ची छोटी झडप ठेवली, कारण फीडवाल्यांचा स्क्रू कन्व्हेयर एकदम एवढा माल घेऊ शकत नाही. आधी छोटी झडप उघडायची, पिट मोकळी झाली की फाळका. तिन्ही झाकणांवर आतून १२ मिमी सळईची जाळी वेल्ड केली. माल त्यातून आत जातो, माणूस जात नाही.

काल मका भरला, २०.८ टन. खाली झाल्यावर गाडी परत काट्यावर घेतली, रिकाम्या वजनापेक्षा १० किलो जास्त. कोपरे कोरडे, फक्त प्लायवूडच्या सांध्यांत दाणे अडकलेले. पडद्याला दोरा लावून पाहिला, फुगवटा नाही.

डीओसीची चाचणी अजून बाकी आहे. प्लांटवाले गार माल द्यायला तयार झालेत, सकाळी भरून त्याच दुपारी ओतायचं ठरलंय. त्याआधी एक विचारायचंय. प्लायवूडवर फाळक्यापासून आत सहा फूट स्टेनलेसचा पत्रा टाकायचा विचार आहे. ३०४ चा १.२ मिमी पुरेल का? आणि तो प्लायवूडला स्क्रूने धरला तर स्क्रूची डोकी माल अडवतील का, की कडा वेल्ड करून मधे मोकळा सोडू? ज्यांनी केलंय त्यांनी शुक्रवारच्या आत सांगितलं तर बरं होईल, गाडी शनिवारी भरायची आहे.