आजऱ्याच्या घरातला जुना फोन काढून नेटवरचं कॉलिंग घ्यावं का?

आजऱ्याचा_थोरला

मंडळी जरा मदत करा. मी कोल्हापुरात उद्यमनगरात वर्कशॉपला असतो, आई एकटीच गावाकडं, आजऱ्याच्या पुढं. वय ७१. घरात १९९६ पासनं तांब्याच्या वायरचा फोन आहे, बाबांनी अर्ज करून लय दिवस वाट बघून घेतलेला, आणि तो नंबर सगळ्या पै-पाहुण्यांना तोंडपाठ. दर पावसाळ्यात खरखर असतीच, यंदा रस्ता खोदताना केबलच तुटली आणि दीड महिना फोन मुका. घर खोलगट जागी, भिंती मातीच्या दोन हात जाड, मोबाइलला आत रेंजच नाही, बोलायचं तर आईनं अंगणात फणसाखाली जाऊन उभं राहायचं, पाऊस असला तर छत्री घेऊन. आता गावात फायबर आलंय आणि केबलवाला म्हणतोय नेट घ्या, जुना फोन काढून टाका, सगळं व्हॉट्सॲपवर होतंय. पण आईला स्क्रीनवर बोट सरकवून फोन उचलायचं जमत नाही, घाबरती.

दुसरं, धाकटा भाऊ दुबईत एसीच्या कामाला आहे. त्याचे व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, फोटो येतात, पण कॉल केला की बोलणंच होत नाही. तो म्हणतोय तिकडं बंद आहे, मला वाटतंय आमच्याच नेटचा घोळ. अनुभव असणाऱ्यांनी सांगा.

गंगावेसचा_पीसीओ

फोन काढायच्या आधी माझं ऐका. गंगावेशीत १९९१ ते २००७ आमचा एसटीडी पीसीओ होता. रात्री अकराला दर पाववर यायचा, त्यामुळं साडेदहापासनंच बाकडं भरायचं. कागल, शिरोळकडनं मिलिटरीवाल्यांच्या बायका यायच्या, पदराच्या गाठीत नंबरची चिठ्ठी, आणि बोलताना डोळे सगळे त्या मीटरच्या लाल आकड्यांवर, आकडा पुढं सरकला की बोलणं अर्धं सोडून रिसीव्हर खाली. अमेरिकेचा एक मिनिट म्हणजे गवंड्याच्या हाताखालच्या गड्याची दिवसाची हजेरी. परदेशी कॉल सगळे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीच्या हातात आणि नेटवरनं बोलणं म्हणजे चक्क बेकायदा. ते खुलं झालं १ एप्रिल २००२ ला, व्हीएसएनएलची मक्तेदारी पण त्याच वेळी संपली. मग राजारामपुरीत एका मित्राच्या कॅफेत हेडफोन लावून लोक बोलायला लागले. कॉम्प्युटरवरनं परदेशातल्या फोनला कॉल चालायचा, पण त्याच कॉम्प्युटरवरनं पुण्याच्या लँडलाइनला लावायची परवानगी नव्हती, हे आज पोरांना सांगितलं तर पटत नाही. एक आजी नातवाशी बोलायला आलेल्या, आवाज पोचून परत यायला इतका वेळ की त्या "ऐकू येतंय का रे?" विचारायच्या आणि त्याच वेळी तिकडनं आधीच्या प्रश्नाचं उत्तर यायचं. पंधरा मिनिटं दोघं एकमेकांच्या बोलण्यावरच बोलत राहिले. तरी आजी जाताना डोळे पुसत गेल्या.

तर भावा, वायर गेली तर जाऊ दे. नंबर सोडू नकोस. वडिलांनी घेतलेला नंबर परत मिळत नसतो.

टॉवरवाला_शिरोली

काका बरोबर बोलले. मी नेटवर्कच्याच लाइनीत आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुबई. तुमचा भाऊ खरं सांगतोय. यूएईमध्ये व्हॉट्सॲपचं कॉलिंग सरकारी नियमानं बंद आहे, मेसेज आणि फोटो चालतात. तिथं परवानगी असलेली ॲप आहेत, बोटिम त्यातलं सगळ्यात जास्त वापरात. तुमच्या फोनमध्ये पण तेच टाका. व्हीपीएन (आपण कुठनं नेट वापरतोय ते लपवणारं ॲप) लावून बघ म्हणणारे भेटतील, पण बंद केलेल्या गोष्टीसाठी व्हीपीएन वापरला तर तिथं कायद्यानं मोठा दंड आहे, पोराची नोकरी तिकडं आहे, त्या फंदात पडू देऊ नका.

आता घर. केबलवाला "नेटवरचा फोन" म्हणजे फक्त व्हॉट्सॲप समजतोय. खरं तर आपल्याकडं नेटवरचं बोलणं वाढलं ते बऱ्याच जणांच्या लक्षातच न येता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, त्यांच्याकडं टूजी-थ्रीजी नव्हतंच, नुसतं फोरजी. म्हणजे तुम्ही साधा नंबर दाबून कॉल लावला तरी आवाजाचे बारीक बारीक तुकडे होऊन, एकेक तुकडा साधारण २० मिलिसेकंदाचा, डेटासारखाच जातो. यालाच व्होल्टी म्हणतात. बाकीच्या कंपन्यांना मागनं यावंच लागलं. एका कंपनीनं दुसरीला कॉल उचलण्याबद्दल मिनिटामागं द्यायचे पैसे ऑक्टोबर २०१७ मध्ये १४ पैशावरनं ६ वर आले आणि १ जानेवारी २०२१ पासनं शून्य. मिनिटाचा हिशोब तिथंच संपला, आता रिचार्ज करताना लोक डेटा किती एवढंच विचारतात. काकांनी सांगितलेला उशीर पण नेट वेगवान झाल्यामुळं कमी झाला. तुकडे वेळेत आणि ओळीनं पोचले की बोलणं समोरासमोर बसल्यासारखं वाटतं, एका बाजूनं साधारण १५० मिलिसेकंदाच्या आत असेल तर कानाला कळतच नाही. मागंपुढं झाले की आवाज रोबोटसारखा येतो.

तुमच्यासाठी दोन गोष्टी. एक, फायबरच्या बॉक्सला मागं फोनची पिन लावायची छोटी खाच असते, त्यात तुमचा जुनाच हँडसेट लागतो. आईनं आधीसारखा रिसीव्हर उचलायचा, स्क्रीनचा संबंध नाही, आत मात्र सगळं नेटवरनं. हँडसेटच्या खाली पी आणि टी असं बटन असेल तर टी वर ठेवा, नाहीतर रिंग वाजेल पण नंबर लागणार नाही. जुना नंबर ठेवायचा असेल तर ज्या कंपनीचा फोन आहे तिचंच फायबर मिळतंय का बघा आणि "हाच नंबर फायबरवर घ्यायचा" असा अर्ज आधी द्या. आधी कनेक्शन तोडू नका, हे परत सांगतोय. दोन, तुम्ही गावी गेल्यावर तुमच्या मोबाइलमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. २०१९ च्या शेवटी एअरटेलनं आणि लगेच जानेवारीत जिओनं हे सुरू केलंय, वेगळे पैसे नाहीत. रेंज शून्य असली तरी साधा कॉल घरातल्या वाय-फायवरनं जातो. फणसाखाली उभं राहायचं बंद.

कळंबा_नाका

एवढं कशाला? व्हॉट्सॲप फुकट आहे, व्हिडिओवर आईचं तोंड पण दिसतंय. आमच्याकडं तीन वर्षं साधा कॉल कुणी लावलेला नाही. २०१५ ला या फुकट कॉलवर कंपन्या पैसे लावायच्या बेतात होत्या, लोकांनी ट्रायला (फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) लाखोंनी मेल पाठवून ते हाणून पाडलं, मी पण पाठवलेला. मग आता वापरायचं सोडून परत लँडलाइन?

चिखलीची_सून

दादा, वापरा की, पण एवढ्यावरच राहू नका. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आम्ही चिखलीत होतो. पाणी पहिल्या मजल्याला लागलं, लाइट तर आधीच गेलेली, राउटर बंद, आणि मग टॉवर पण एकेक करत गेले. व्हॉट्सॲपवर नुसतं ते गोल फिरायचं. सासऱ्यांचा बटनाचा फोन होता, गच्चीच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं की एक दांडी यायची. त्याच्यावरनं बोटवाल्यांना कॉल लागला, आणि दीर पुण्यात अडकलेला, हायवे शिरोलीत पाण्याखाली, त्याला एसएमएस गेला "सगळी नीट आहोत". तीन दिवसांत तेवढाच एक निरोप घराबाहेर पोचला. तो फोन आम्ही अजून चार्ज करून ठेवतो.

अजून एक, व्हॉट्सॲपवरनं तातडीच्या मदतीच्या ११२ ला फोन लागत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाला हे माहीत पाहिजे. आणि आईंना व्हिडिओ कॉल शिकवाल तेव्हा अनोळखी नंबरचा उचलायचा नाही हे पण शिकवा, पोलिसाचा ड्रेस घालून "तुम्हाला अटक आहे" म्हणत पैसे मागालेत. आमच्या गल्लीत एका निवृत्त बाईंना दोन तास कॉलवर धरून ठेवलेलं. कुणी असं केलं तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला कळवायचं.

टॉवरवाला_शिरोली

ताई म्हणाल्या ते लाखमोलाचं. जुन्या तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजकडनं वायरमधनंच यायची, म्हणून लोडशेडिंगमध्ये गाव अंधारात असलं तरी फोन चालायचा. फायबरचं तसं नाही, त्या काचेतनं उजेड जातो, वीज नाही. घरातली लाइट गेली की बॉक्स बंद, फोन बंद. म्हणून राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर चालवणारी बॅटरी, आजच्या आज धरा त्यात.

आजऱ्याचा_थोरला

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी गावी जाऊन आलो. अर्ज दिलाय, नंबर तोच राहील म्हणालेत, पावती घेऊन ठेवलीय. तोवर वाय-फायचं कनेक्शन शेजारच्या काकूंकडं आलेलं, त्यांनी पासवर्ड दिला, वाय-फाय कॉलिंग चालू केलं आणि स्वयंपाकघरात चुलीजवळ बसून मिस्त्रीला साधा कॉल लावला. लागला. आई भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "हितनं? आतनं?" मग तिनंच माझ्या फोनवरनं आत्याला लावून घेतला, वीस मिनिटं बोलली. बोटिमवर भावाशी पण झालं बोलणं, आवाज चांगला, चित्र जरा अडकतंय.

आता यूपीएसचं सांगा. दुकानात एक १२ व्होल्टचा दाखवला, चार तास चालतो म्हणतोय. आमच्याकडं पावसाळ्यात लाइट गेली की दुसऱ्या दिवशी येती. पुरेल का?

टॉवरवाला_शिरोली

चार तास धरू नका, बॉक्स आणि राउटर दोन्ही त्यावर असले की कमी होतो. आधी दोन्हींच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती लिहिलंय ते बघा, जुळलं तरच घ्या. घरी आणल्यावर मेन स्विच बंद करून घड्याळ लावा आणि किती वेळ रिंग येती ते बघा. घरात इन्व्हर्टर असेल तर दोन्ही त्याच्यावरच टाका, रात्र निघती. आणि आईजवळ बटनाचा फोन राहू द्या, त्याला रेंज फणसाखालीच येईना का.