'नॉर्मल'ला काय म्हणावं? स्तंभिका, अभिलंब, की नॉर्मलच राहू द्यावं?

केळीबाग (जळगाव):
मुलांसाठी पॅराव्ह्यूवर (गणिताची उत्तरं चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) चार पानांचं मराठी टिपण लिहू राह्यलो आहे. त्यांचा प्रकल्प केळी पिकवायच्या चेंबरचा. क्रेटच्या थप्प्यांमधून हवा कशी फिरते, इथिलीन, म्हणजे फळं पिकवणारा वायू, कोणत्या कोपऱ्यात पोचत नाही, वगैरे. गणित नीट सुटलं, पण चित्रात क्रेटवर काळे त्रिकोण उमटतात आणि चौकोनी कडा उशीसारख्या फुगीर दिसतात. एका पोराने ते काळे डाग बघून 'येथे हवा पोहोचत नाही' असा निष्कर्ष अहवालात लिहूनही टाकला! हवेचा काही संबंध नाही, पृष्ठभागाच्या नॉर्मल, म्हणजे त्याला काटकोनात निघणाऱ्या रेषा, उलटसुलट आहेत.
मी 'अभिलंब' लिहिलं होतं. तपासायला दिलं त्या सरांनी लाल शाईने सगळीकडे 'स्तंभिका' केलं आणि समासात शेरा मारला, 'हिंदी नको'. शेडिंगला, म्हणजे चित्रात उजेड-सावली भरण्याला, 'छायांकन' लिहिलं, तर म्हणे ते सिनेमावाल्यांचं. शनिवारी झेरॉक्सला द्यायचंय. काय ठेवू?

निवृत्त मास्तर:
तुमचे सर बरोबर आहेत. बोर्डाच्या पुस्तकात परावर्तनाच्या धड्यात स्तंभिकाच आहे, आपतन कोन तिच्यापासूनच मोजतात. तुमच्या चित्रातही कोणत्या जागी किती उजेड पडला हे त्याच रेषेशी होणाऱ्या कोनावरून ठरतं ना? मग पोरांनी शाळेत पाठ केलेला शब्द टाकून नवा कशाला?

तापीकाठ:
मास्तर, आरसा टेबलावर आडवा असतो तोवर स्तंभिका शोभते. क्रेटच्या बुडाची नॉर्मल खाली जमिनीकडे जाते, तो कसला स्तंभ? आणि अभिलंब हिंदी कधीपासून झाला? संस्कृत आहे. हिंदीने आधी उचलला म्हणून आपण सोडायचा, तर अर्धा कोश रिकामा होईल.

फैजपूरचा सुतार:
मूळ लॅटिन शब्द 'नॉर्मा', म्हणजे सुताराचा काटकोन. आपला गुण्या! माझे वडील चौकट जुळवताना गुण्या लावल्याशिवाय खिळा ठोकत नसत. 'गुण्यात आहे' म्हणजे बरोबर, 'गुण्यातून गेलं' म्हणजे खोलून पुन्हा जुळवा. तेव्हा माझं मत 'गुण्यारेषा'. ओळंबा कोणी सुचवू नका. अवलंबवरून ओळंबा आला हे खरं, पण तो कायम जमिनीकडेच बघतो, समोरची भिंत कशीही कललेली असो.

शिवणटीप (अमळनेर):
शब्द नंतर ठरवा, आधी डाग कसा पडतो ते लिहा भाऊ. मी पोरींना कापडावर दाखवते. चित्रातला आकार म्हणजे छोट्या त्रिकोणी तुकड्यांची जाळी. प्रत्येक त्रिकोणाला सुलट बाजू आणि उलट बाजू असते आणि ती कोपरे कोणत्या क्रमाने मोजले त्यावर ठरते. शेजारचा तुकडा उलटा शिवला गेला, की एकाची नॉर्मल बाहेर, दुसऱ्याची आत. सामाईक बिंदूवर सरासरी काढली की दोघी एकमेकींना खातात, उरतं जवळजवळ शून्य. तोच काळा डाग.
नॉर्मल काढण्याच्या फिल्टरमध्ये 'कन्सिस्टन्सी' चालू ठेवा, तो शेजाऱ्याकडे बघून तुकडा पालटतो. पण सगळे मिळून आत बघायला लागले तरी त्याच्या लेखी ते एकमतच! मग सगळ्या पालटाव्या लागतात. आपोआप बाहेर वळवण्याची सोय आहे, पण आकार चहूबाजूंनी बंद असेल तरच तिच्यावर भरवसा ठेवा. क्रेटच्या जाळीला भोकं राहिली असतील तर नाही.

तापीकाठ:
ताई, हे सव्य-अपसव्य म्हणून छान सांगता येईल. घड्याळाप्रमाणे सव्य, उलट ते अपसव्य.

निवृत्त मास्तर:
संस्कृतात सव्य म्हणजे डावा. अर्जुनाला सव्यसाची म्हणतात ते डाव्या हातानेही बाण सोडायचा म्हणून. घड्याळाप्रमाणे म्हणायचं असेल तर 'प्रदक्षिण' म्हणा.

तापीकाठ:
सव्यचा उजवा अर्थही कोशात आहे, मास्तर. आणि लोक काय समजतात हे बघायचं की नाही?

फैजपूरचा सुतार:
एका त्रिकोणासाठी एवढा सव्यापसव्य! आमच्याकडे 'उलटा पडला' म्हणतात. अहिराणीत 'उलटंसुलटं व्हई गयं', विषय संपला.

केळीबाग:
डाग गेले, ताई. क्रेट दुसरीकडून आणलेल्या एसटीएल फाइलमधला (आकार त्रिकोणांत साठवणारी फाइल) होता, त्यातच अर्धे त्रिकोण पालटलेले निघाले.
आता उशी. क्रेटच्या कोपऱ्यावर तीन भिंती भेटतात आणि बिंदू एकच. तिघींच्या नॉर्मलची सरासरी प्रत्येक भिंतीच्या खऱ्या नॉर्मलपासून साधारण 54.7 अंश कलते, म्हणून सपाट भिंतीवर उतरता उजेड दिसतो आणि कडांचं भरीत होतं. उपाय म्हणजे शेजारच्या दोन तुकड्यांमधला कोन ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा असला की तिथे बिंदू तोडायचा आणि प्रत्येक भिंतीला तिचा वेगळा बिंदू द्यायचा. ही मर्यादा मुळात 30 अंश असते. आमच्या पोरांनी खेळता खेळता 180 करून ठेवली होती. तोडल्यावर बिंदूंची संख्या वाढते, तेव्हा एकजण घाबरून 'सर, जाळी बिघडली' म्हणत आला. बिघडलेली नाही. या 'फीचर अँगल'ला काय म्हणू?

शिवणटीप:
'मुरड-कोन'. करंजीची कड घालतो तशी.

निवृत्त मास्तर:
मुरड म्हणजे दुमड. इथे तर तुम्ही तोडताय.

नंदुरबारकर:
एवढं कशाला? शेडिंग फ्लॅट करा, डागही जातील आणि उशीही.

केळीबाग:
करून बघितलं. क्रेट झकास दिसतो, पण पंख्याची गोल नळी हिऱ्यासारखी पैलूदार होते. संगणकचित्रांवर काम करणाऱ्या गुरोने 1971 साली कोपऱ्यांवरचा उजेड मधे पसरवायची युक्ती काढली आणि फाँगने 1975 साली नॉर्मलच पसरवली, ती या पैलूंपायीच. मात्र 'पैलूदार' शब्द आवडला. फ्लॅटसाठी तोच लिहितो.

निवृत्त मास्तर:
पैलू फारसीतला. पहलू म्हणजे बाजू.

तापीकाठ:
चालेल की. तुमचा 'शेरा' कुठला?

नंदुरबारकर:
मागच्या वर्षी एका टिपणात जाळीच्या 'सेल'ला, म्हणजे एकेका तुकड्याला, कोणीतरी 'पेशी' लिहिलं होतं. पोरांनी जाळीत केंद्रक शोधलं. आमचं मत 'खण'ला.

शिवणटीप:
खण म्हणजे चोळीचा. कपाटाचा म्हणत असाल तर 'कप्पा' म्हणा.

केळीबाग:
आज शनिवार. झेरॉक्सवाल्याकडे उभा आहे. पहिल्या पानावर 'स्तंभिका', तिसऱ्यावर 'अभिलंब' राहून गेलंय, आणि पोरं काल दिवसभर 'नॉर्मल पालटली का रे' असंच ओरडत होती.

फैजपूरचा सुतार:
गुण्यारेषेचं काय झालं? आणि धुळ्याकडे गुण्याला 'काटकोन्या' म्हणतात असं ऐकलंय, कोणी खात्रीने सांगेल का?