इल्मेनाइट मालिका म्हणजेच एस-टाइप ग्रॅनाइट का?

दगडू_पुणे: एमएस्सी भूशास्त्राला आहे. सेमिनारसाठी जपानी भूशास्त्रज्ञ इशिहारांचं १९७७ चं ग्रॅनाइटचं वर्गीकरण घेतलंय: मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) असलेली मॅग्नेटाइट मालिका आणि ते जवळजवळ नसलेली, इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचं खनिज) असलेली इल्मेनाइट मालिका. आमच्या आसपास सगळा बेसाल्ट, ग्रॅनाइट बघायचा तो प्रयोगशाळेच्या कपाटात. इल्मेनाइट मालिका म्हणजे ऑस्ट्रेलियातले भूशास्त्रज्ञ चॅपेल आणि व्हाइट यांचा एस-टाइप असं लिहिलं तर चालेल का? आणि ०.१ टक्का मॅग्नेटाइट ही दोन मालिकांमधली सीमा चुंबकीय ससेप्टिबिलिटी (चुंबकक्षेत्रात खडक किती चुंबकित होतो ते) मोजणाऱ्या मीटरवर कशी दिसते?

गारगोटी: अजिबात लिहू नका! एस-टाइप, आय-टाइप हे मूळ खडक कोणता वितळला त्यावरून: गाळाचा असेल तर एस, अग्निजन्य असेल तर आय. इशिहारांचं वर्गीकरण मॅग्मात ऑक्सिजन किती 'मोकळा' होता त्यावरून. एस-टाइप बहुतेक इल्मेनाइट मालिकेत पडतात हे खरं, पण आय-टाइपही तिथे भरपूर सापडतात. वर येताना मॅग्माने कार्बनयुक्त गाळाचे खडक पोटात घेतले की तो क्षपित होतो, म्हणजे त्यातला मोकळा ऑक्सिजन घटतो, मग लोह मॅग्नेटाइटमध्ये न जाता इल्मेनाइट आणि बायोटाइट या काळ्या अभ्रकात जातं.

सीमेचं गणित सोपं आहे. शुद्ध मॅग्नेटाइटची ससेप्टिबिलिटी एसआय एककात ढोबळमानाने ३ धरा. त्याचा ०.१ टक्का म्हणजे हजारावा भाग, ०.००३. मीटरवर आकडा याच्या वर गेला तर मॅग्नेटाइट मालिका. नुसत्या बायोटाइटच्या जोरावर खडक तिथवर पोचत नाही, म्हणून रेघ स्वच्छ पडते.

उदाहरण नैऋत्य जपानचंच द्या, याहून बोलकं नाही. जपान समुद्राकडचा सानइन पट्टा मॅग्नेटाइट मालिकेचा, तिथे मॉलिब्डेनम. दक्षिणेकडचे सानयो आणि र्‍योके पट्टे मुख्यतः इल्मेनाइट मालिकेचे, सानयोत कथील आणि टंगस्टन. सानइनमधल्या शिमानेत कुजलेल्या ग्रॅनाइटचे उतार खणून पाण्याच्या पाटात सोडत. हलकी वाळू वाहून जाई, जड काळी लोहवाळू, म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट, तळाशी बसे. त्या वाळूपासून तातारा या पारंपरिक जपानी मातीच्या भट्टीत तलवारींचं पोलाद निघायचं. माझ्या मते तुमच्या सेमिनारची सुरुवात इथूनच व्हावी. वर्गीकरण कागदावर यायच्या कितीतरी आधी लोहारांना कुठला डोंगर खणायचा ते ठाऊक होतं.

सह्यकडा: कपाटातल्या जुन्या नमुन्यांवर मीटर लावलं तर चालेल?

गारगोटी: चालेल, पण बाहेरची तांबूस साल टाळा. हवामानाने मॅग्नेटाइटचा हेमॅटाइट (खूप कमी चुंबकीय लोहखनिज) झालेला असतो आणि आकडा खाली येतो. मॅग्नेटाइट मालिकेचा खडक त्यामुळे उगाच दुसऱ्या बाजूला जातो. करवतीने कापलेली सपाट बाजू सगळ्यात चांगली. मीटर आधी हवेत शून्य करा, पाच-सहा जागी लावून सरासरी घ्या. लोखंडी टेबलावर नमुना ठेवू नका. लहान तुकड्याला मीटर कमीच आकडा देतं, तेव्हा सेन्सरपेक्षा रुंद आणि चांगला जाड नमुना निवडा.

दगडू_पुणे: आभारी आहे, ताई. पॉलिश केलेल्या सेक्शनमध्ये परावर्तित प्रकाशात अपारदर्शक खनिजंही बघून घेतो.

गारगोटी: जरूर बघा, इशिहारांनी मुळात तेच केलं होतं. मॅग्नेटाइटच्या कणात इल्मेनाइटच्या पातळ पट्ट्या दिसल्या तर फोटो इथे टाका.