मदत हवी आहे: एआय कुठून शिकू? लवकर सांगा

शिरोलीकर: काल साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "एआय येतंय का तुला?" मी गप्प. यंदा अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्याचा रकानाच आलाय, आणि सिनियरची एक जागा रिकामी आहे. सात वर्षं झाली मला. माझ्यामागून लागलेला पोरगा मोबाइलवर कायतरी करून मेल पाठवतोय आणि त्याचं कौतुक होतंय. कोणता कोर्स करू? फुकट असेल तर बरं. सोमवारी सुट्टी आहे, तेवढ्यात बसून करतो.

राजारामपुरी: काम काय करता? अकौंट्स, स्टोअर, डिझाइन? त्यावर सगळं आहे.

बिंदूचौक: हेलसिंकी विद्यापीठाचा 'एलिमेंट्स ऑफ एआय' करा. 2018 पासून आहे, फुकट आहे, प्रोग्रामिंग यायची गरज नाही. मी केलाय. यंत्र शिकतं म्हणजे नेमकं काय, ते डोक्यात बसतं. पण एका सोमवारात होणार नाही.

जुना_उद्यमनगर: सर्टिफिकेट बघून कोण बढती देतंय? 26 वर्षं ऑफिसात काढली मी. आधी एक्सेल पक्कं करा. व्हीलुकअप आणि पिव्होट आलं की निम्मं ऑफिस तुमच्या टेबलाशी येतंय.

बिंदूचौक: काका, त्यांचा प्रश्न एक्सेलचा नाही.

जुना_उद्यमनगर: तोच आहे. आकडा चुकला तर ओळखणार कशावरून?

पंचगंगा_घाट: मराठी टाइप करायचं असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून बोला. छान उमटतंय.

शिरोलीकर: फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे, लिहायचं राहिलं. रोजचा रिजेक्शन रिपोर्ट, आणि कस्टमरची तक्रार आली की एट-डी, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत लिहायचा रिपोर्ट. इंग्रजी लिहिण्यातच दोन तास जातात.

मोल्डिंग_लाइन: हे आधी सांगायचं की दादा! मी गोकुळ शिरगावला हेच काम करते. कोर्स नंतर करा, आधी तुमचा एक जुना एट-डी घेऊन बसा. कस्टमरचं नाव, पार्ट नंबर, रेट काढून टाका. ड्रॉइंग तर अजिबात चढवू नका, आणि कंपनीची परवानगी आहे का तेही विचारून घ्या.

चॅटजीपीटी काय, जेमिनी काय, पुढं कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधत लिहितात. माहिती नसेल तिथं शोभेलसं काहीतरी घालतात. मी ब्लो होलची, म्हणजे जॉबमध्ये वायूची पोकळी राहिल्याची, तक्रार दिली होती, साच्याच्या वाळूच्या ओलाव्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तरी रिपोर्टात आलं, "वाळूत 6.5 टक्के ओलावा आढळला". आमच्या सँड लॅबच्या रजिस्टरला त्या दिवशी 3.6 होता. तसंच गेलं असतं तर कस्टमर ऑडिटलाच आला असता. आता मी पहिल्याच ओळीत लिहिते, "मी दिलेल्या माहितीबाहेरचा आकडा घालू नको. कमी पडेल ते मला विचार." त्यानं बरंच थांबतंय, पण सगळं नाही. प्रत्येक आकडा रजिस्टरशी लावूनच सही करते.

जुना_उद्यमनगर: मग मी वेगळं काय म्हणालो?

बिंदूचौक: पण असं का होतं हे कळायला पाया लागतो, आणि तो कोर्समध्ये मिळतो. ताईंनाही कुठूनतरी कळलंच असेल.

मोल्डिंग_लाइन: रजिस्टर उघडून कळलं मला.

कागल_रोड: तुमच्या फाउंड्रीत जागा आहे का? भाचा आयटीआय झालाय, मोल्डर ट्रेड.

शिरोलीकर: जागेचं एचआरला विचारून सांगतो.

ताई, सोमवारी बसलो. नावं काढून एका जुन्या दिवसाचे आकडे दिले. ओतलेले जॉब 1,240, रिजेक्ट 87. त्यात दोषांप्रमाणे ब्लो होल 41, सँड इन्क्लूजन 23, कोल्ड शट 14, मिसरन 9. एआयनं रिजेक्टपैकी ब्लो होल 52 टक्के काढले. कॅल्क्युलेटरवर 47.1 येतात! मग बेरीज-टक्केवारी त्याला करूच दिली नाही. फक्त एक्सेलचा फॉर्म्युला मागितला, शीटमध्ये टाकला, बरोबर आला. काका, एक्सेल लागलंच शेवटी. इंग्रजी मात्र झकास लिहितंय, 35 मिनिटांत मसुदा झाला.

आता एकच विचारायचं राहिलं. एआय वापरलं हे साहेबांना सांगू, की नुसता रिपोर्ट पुढं ठेवू?

मोल्डिंग_लाइन: सांगा. आणि ते 52 कसे पकडले, तेही दाखवा. अप्रेझलच्या रकान्यात तेच लिहा.

शिरोलीकर: उद्या साहेब पहिल्या शिफ्टला आहेत. दोन्ही कागद घेऊन जातो.