‘आय ले’ की ‘आय लेड’? मुलीच्या वहीतला लाल शेरा

सातवीची आई
मुलीनं निबंधात लिहिलं, ‘आय वॉज टायर्ड, सो आय ले ऑन द बेड.’ बाईंनी ‘ले’वर लाल काट मारून ‘लेड’ केलं आणि अर्धा मार्क कापला. मुलीचं बरोबर होतं! आडवं होणं म्हणजे लाय, त्याचा भूतकाळ ले. ठेवणं किंवा घालणं म्हणजे ले, त्याचा भूतकाळ लेड. कोंबडीनं अंडं घातलं तिथे लेड. एकाचा भूतकाळ तोच दुसऱ्याचा वर्तमानकाळ, त्यामुळे घोटाळा होतो हे मान्य. पण मार्क कापण्याआधी शब्दकोश उघडायला नको? मी वही घेऊन शाळेत जाणार आहे.

फळा-खडू
ताई, अर्ध्या मार्कासाठी जाऊ नका. मी स्वतः इंग्रजी शिकवतो. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही बोलताना सर्रास ‘लेड ऑन द बेड’ म्हणतात. भाषा वापरानं ठरते. हेल्पचा भूतकाळ एके काळी होल्प होता, आज सगळे हेल्प्ड म्हणतात, कुणाचं काही अडलं नाही. माझा जीव जातो तो ‘डिडन्ट वेन्ट’वर. डिड आलं की भूतकाळ तिथेच झाला, पुढे गो हवं. हे दहावीपर्यंत सुटत नाही आणि तुम्ही ले-लेडवर भांडताय.

सातवीची आई
वापरानं ठरतं ना, सर? मग बाईंनी ‘ले’ खोडलं कशाला? दोन्ही चालणार असेल तर पुस्तकातलं रूप आधी चालायला हवं.

घोकंपट्टी झिंदाबाद
इतकी चर्चा कशाला? आम्ही गो-वेन्ट-गॉन ओरडून पाठ केलं, अजून विसरलो नाही. वेन्ट हे मुळात वेन्ड या वेगळ्याच क्रियापदाचं रूप, त्यात तर्क काय शोधणार? आपलंही जा-गेला, ये-आला तसंच. लहान मूल ‘मी करलं’ म्हणतं, आपण ‘केलं म्हण’ सांगतो, संपलं. तक्ता पाठ करा.

पडलो-पाडलं
तक्त्यानंच तर वाट लावली. त्यात लाय एका ओळीत, ले दुसऱ्या ओळीत, दोघांचं नातं कुणी सांगतच नाही. आपल्याकडे पडणे-पाडणे आहे ना? आपोआप होतं ते पडणे, कुणीतरी करतं ते पाडणे. इंग्रजीत अगदी हीच जोडी आहे: फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे झाड पाडणे. झाड पडलं तर ‘द ट्री फेल’, कुणी पाडलं तर ‘ही फेल्ड द ट्री’. लाय-ले, सिट-सेट, राइज-रेज सगळी याच घरातली. मराठी पोराला हे पाच मिनिटांत कळतं, कारण ‘मी झाड पडलं’ असं ते कधीच म्हणत नाही. वर खोटं बोलण्याचा लाय वेगळा, त्याचा लाइड. तोही त्याच दिवशी सांगून टाकावा.

फळा-खडू
पडणे-पाडणे उद्याच फळ्यावर लिहितो, मला कधी सुचलं नव्हतं. तरी ताई, वर्गात सगळ्यांसमोर बाईंना विचारू नका. आणि बोलण्यात लेड चालतं, हे माझं मत कायम आहे.

सातवीची आई
बोलण्यात चालू दे, निबंध लिहिलेला होता. शनिवारी शाळा सुटल्यावर एकटीच भेटते. शब्दकोश घेऊन जाते, मार्क मागणार नाही. फक्त ती लाल काट बाईंनी स्वतः खोडावी, मुलगी रात्रीपासून ‘ले’ लिहायला घाबरतेय.