शूबर्टची जी मेजरमधली मिस्सा: ख्याल ऐकणाऱ्या श्रोत्याने कशी ऐकावी?

सदाशिवपेठी श्रोता:

पुढच्या शनिवारी संध्याकाळी कॅम्पातल्या एका चर्चमध्ये पुण्यातलाच एक हौशी गायकवृंद ऑस्ट्रियन संगीतकार फ्रांझ शूबर्टची जी मेजरमधली मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या प्रार्थनांची संगीतरचना, सादर करणार आहे. आमच्या सोसायटीतल्या एक बाई त्यात गातात आणि त्यांनी प्रवेशिका आग्रहाने घरी आणून दिली. माझा कान गेली चाळीस वर्षे ख्यालावर पोसलेला आहे. सवाई गंधर्व महोत्सव मी सहसा चुकवत नाही. परंतु चार स्वरपंक्ती एकाच वेळी सुरू झाल्या की लक्ष कोणाकडे द्यावे, हेच मला उमगत नाही. शिवाय ही रचना शूबर्टने अठराव्या वर्षी केल्याचे प्रवेशिकेच्या पाठीमागे छापले आहे, त्यामुळे तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी अशीही शंका आहे. शेवटचा प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारतो: ही प्रार्थना समजायची की मैफल, आणि टाळ्या केव्हा वाजवायच्या?

मागच्या रांगेतली आल्टो:

मी त्याच वृंदात आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते, तेव्हा माझे मत तटस्थ समजू नये.

वयाबद्दल आधी सांगते. ही मिस्सा शूबर्टने २ ते ७ मार्च १८१५ या सहा दिवसांत लिहिली. त्या वेळी तो व्हिएन्नात वडिलांच्या शाळेत साहाय्यक शिक्षक होता आणि त्याच वर्षी त्याने शंभराहून अधिक गीतेही रचली. आदल्या वर्षी, म्हणजे १८१४ मध्ये, त्याच्या घराजवळच्या लिख्टेंटालच्या चर्चला शंभर वर्षे झाली, तेव्हा त्याने एफ मेजरमधली बरीच मोठी मिस्सा लिहिली होती. तिच्यात तंतुवाद्यांच्या जोडीला फुंकवाद्येही आहेत आणि सोप्रानोचे, म्हणजे बायकांच्या सर्वांत उंच आवाजाचे, एकल गायन तेरेझे ग्रोब या तरुणीने केले होते. ही दुसरी मिस्सा मात्र मूळ रूपात तंतुवाद्ये, ऑर्गन, तीन एकल गायक आणि वृंद एवढ्यावरच भागवते. कर्णे आणि नगारे नंतर जोडले गेले. पंचवीस मिनिटांच्या या रचनेत वृंदाच्या वाट्याला गळा ताणणारी जागा जवळपास येत नाही. गाताना सारखे जाणवते की वस्तीतल्या चर्चमध्ये गाणारी माणसे कोण असतात, त्यांचा दम किती पुरतो, हे या मुलाला चांगले ठाऊक होते. लहानपणी तो स्वतः तिथेच मिखाएल होल्ट्सर यांच्याकडे शिकला होता. म्हणून अठरा वर्षांचा म्हणून सवलतीचे गुण देऊ नका, आणि प्रचंड काही ऐकायला मिळेल अशा तयारीनेही येऊ नका.

आता कान कुठे लावायचा? माझा सल्ला असा की पहिल्यांदा ऐकताना चारही पंक्ती धरू पाहू नका, खर्ज धरा. क्रेडो हा श्रद्धेचा कबुलीजबाब आहे, आणि तिथे पुष्कळ संगीतकार गर्जना करतात. शूबर्टचा वृंद तो अगदी दबक्या आवाजात सुरू करतो. सगळे शब्द एकाच लयीत पुढे सरकतात आणि खाली तंतुवाद्यांचे सुटे सुटे खर्ज स्वर पावले टाकल्यासारखे चालत राहतात. मध्ये आवाज चढतो, पुन्हा उतरतो, पण पुढे सरकणे थांबत नाही. हा भाग आम्हाला सर्वांत जड गेला, कारण हळू गाताना लय मागे रेंगाळते. त्यातच आमचा सराव पावसाळ्यातला. खिडक्या लावल्या तरी नदीपात्रातल्या ढोलपथकाचा ठेका आत येई, आणि आमचे बेस गायक नकळत त्याच्या लयीत जात. माझ्या स्वरलिपीवर लॅटिन ओळींच्या वर पेन्सिलीने देवनागरीत शब्द लिहिलेले आहेत. किरिए या पहिल्या भागातल्या ‘एलेइसोन’ (दया कर) खाली तर तीनदा रेघ मारली आहे, कारण आमच्यातल्या निम्म्यांना ‘एलायसन’ म्हणायची सवय होती. (तो शब्द मुळात ग्रीक आहे, लॅटिन पुढच्या, ग्लोरिया या दुसऱ्या भागापासून सुरू होते.)

एक गंमत ध्यानात ठेवा. तीन एकल गायकांपैकी टेनरला, म्हणजे पुरुषांच्या उंच आवाजाला, पाचव्या भागापर्यंत, म्हणजे बेनेडिक्टुसपर्यंत, एकट्याने गायला काहीही नाही.

जुन्या प्रती चाळणारा:

वरील प्रतिसादाला पुरवणी. क्रेडोच्या संहितेत ‘एका, पवित्र, कॅथलिक आणि प्रेषितीय चर्चवर’ श्रद्धा असल्याचे वाक्य असते. ते शूबर्टने इथे गाळले आहे आणि त्याच्या इतर सर्व लॅटिन मिस्सांतही गाळले आहे. यावरून त्याला बंडखोर ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. सहाही मिस्सांत तेच वाक्य गळते, तेव्हा तो विसरभोळेपणा नसावा हे मान्य. पण एवढ्यावरून कोणाची श्रद्धा मोजायला मी धजणार नाही.

या रचनेच्या नशिबी चोरीही आली. शूबर्ट १८२८ मध्ये वारला आणि १८४० च्या दशकात हीच मिस्सा प्रागमध्ये रॉबर्ट फ्यूरर नावाच्या संगीतकाराच्या नावाने छापली गेली. शूबर्टचा थोरला भाऊ फर्डिनांड याला जाहीरपणे हरकत घ्यावी लागली. घराण्यांतल्या चिजांच्या मालकीवरून होणारे वाद ऐकलेल्यांना यात नवल वाटू नये.

क्वार्टर गेटचा रहिवासी:

टाळ्यांविषयी. मिस्सा ही मुळात उपासना आहे, आणि उपासनेत हे सहा भाग सलग येत नाहीत. ग्लोरिया आणि क्रेडो यांच्या मध्ये बायबलचे वाचन आणि प्रवचन होते. कार्यक्रमात ते सगळे वगळून भाग एकापुढे एक ठेवतात, त्यामुळे मध्ये जो क्षणभराचा थांबा येतो तो टाळ्यांसाठी नसतो. भीमसेनजींच्या ‘संतवाणी’त आपण सभागृहात बसून अभंग ऐकले, तेव्हा ते भजन की मैफल हे कोणी कुठे ठरवले होते? आमच्याकडे रेव्हरंड टिळकांची मराठी पदे चर्चमध्ये गातात, तिथेही टाळ्या नसतात. अखेरचा आग्नुस देई, म्हणजे ‘देवाच्या कोकरा’, उदास ई मायनरमध्ये सुरू होतो आणि शांतीची याचना करत जी मेजरमध्ये हळूच मिटतो. कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत थांबावे, एवढेच.

सदाशिवपेठी श्रोता:

काल जाऊन आलो. आपल्या सांगण्यावरून खर्ज धरून बसलो होतो. क्रेडोत चेलो या खर्जाच्या तंतुवाद्यावर बोट ठेवावे तसे लक्ष ठेवता आले, आणि दहाएक ओळींनंतर वरचे आवाज आपोआप वेगळे ऐकू येऊ लागले, याचे मला फार आश्चर्य वाटले. ग्लोरिया संपताच माझ्या मागच्या बाकावरून चार टाळ्या पडल्या आणि ओशाळून थांबल्या. त्या माझ्या नव्हत्या. टेनर गायक पहिले चार भाग गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. ते उभे राहिले तेव्हा मी सौभाग्यवतींना कोपराने खुणावले, तर त्या म्हणाल्या, ‘गप्प बसा, ऐकू द्या.’